मागच्या दाराने निघून गेलेला बाप : अटलांटातील नाताळ-भेटींचे एक प्रकरण

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, एका गरीब कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत घडलेला काही मिनिटांचा प्रसंग हा या अभ्यासाचा विषय आहे. त्या प्रसंगात कोणी कोणाला टाकून बोलले नाही, कोणी कोणाला फसवले नाही, आणि ज्या वस्तू द्यायच्या ठरल्या होत्या त्या ठरल्या वेळी ठरल्या घरी पोहोचल्या. एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालात अशा भेटीची नोंद यशस्वी कामांच्या रकान्यातच झाली असती. तरीही अशा भेटी जुळवून देण्याचे काम ज्याने स्वतः केले होते, त्याच माणसाला तो प्रसंग डोळ्यांनी पाहिल्यावर ही पद्धत पुढे चालवता आली नाही. दान योग्य हेतूने दिलेले असते आणि योग्य माणसापर्यंत पोहोचतेही. पण ते घरात कोणत्या दाराने आणि कोणाच्या हातून येते यावर त्याचा अर्थ कसा पालटतो, हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके मोठमोठ्या योजनांच्या आकडेवारीत दिसत नाही.

तो माणूस म्हणजे रॉबर्ट लप्टन. व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर 1970च्या दशकात त्यांनी अटलांटाच्या अंतर्भागातील वाट चुकलेल्या मुलांमध्ये ख्रिस्ती कार्यकर्ता म्हणून काम सुरू केले. काही वर्षांनी त्यांनी उपनगरातील घर विकले आणि पत्नी व दोन मुलांसह ते त्याच वस्त्यांमध्ये राहायला गेले. त्या काळातील अटलांटाच्या या भागाची कल्पना वाचकाला असावी म्हणून एवढे सांगणे पुरेसे आहे की शहराच्या मध्यातून गेलेल्या महामार्गांनी आणि 1965 साली उघडलेल्या मोठ्या स्टेडियमने तिथल्या कृष्णवर्णीय मोहल्ल्यांचे तुकडे केले होते, ज्यांना परवडले ते बाहेर पडले होते, आणि मागे राहिलेल्यांकडे काम कमी व भाड्याची चिंता जास्त होती. श्रीमंत मंडळ्या उपनगरांत आणि गरिबी शहराच्या पोटात, अशी विभागणी झाली होती. नाताळ जवळ आला की या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम लप्टन यांच्यासारखे कार्यकर्ते करीत.

पुलाची रचना अगदी साधी होती आणि अमेरिकेतील असंख्य चर्चमध्ये ती आजही तशीच चालते. चर्चमधील एक सुखवस्तू कुटुंब वस्तीतील एका कुटुंबाला त्या सणापुरते 'दत्तक' घेते. त्याला मुलांची नावे, वये, कपड्यांची व बुटांची मापे आणि प्रत्येकाला काय हवे आहे याची यादी मिळते. खरेदी होते, रंगीत कागदात वेष्टने बांधली जातात, आणि नाताळच्या आदल्या दिवशी देणारे कुटुंब आपल्या मुलाबाळांसह ती स्वतः घेऊन जाते. मुलांना बरोबर नेण्यामागे विचार असतो : आपल्यापेक्षा कमी असलेल्यांशी वाटून घ्यायला त्यांनी लहानपणीच शिकावे. या रचनेत वाईट म्हणावे असे बोट ठेवायला जागा सापडत नाही, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली आहे.

वस्तीत राहायला आल्यानंतरच्या पहिल्या नाताळला लप्टन एका शेजारी कुटुंबाकडे बसले होते. म्हणजे नेहमी ज्या बाजूने ते दारावर टकटक करीत, त्याच्या आतल्या बाजूला ते त्या संध्याकाळी होते. घर आवरून ठेवलेले होते. मुले उतावीळ झाली होती. दार वाजले, आणि नीटनेटक्या कपड्यांतील आई, वडील व मुले हातभर भेटी घेऊन आत आली. घरातील मुलांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. आईने पाहुण्यांचे स्वागत केले, आभार मानले. पण तिच्या चेहऱ्यावरचा संकोच लपत नव्हता. या सगळ्या गडबडीत मुलांचा बाप काही न बोलता उठला आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेला. थोड्या वेळाने मुलांनी विचारले, बाबा कुठे आहेत? आईने सांगितले, दुकानात गेले आहेत.

एवढाच प्रसंग आहे. लप्टन यांनी तो पुढे अनेकदा सांगितला आणि लिहिला, आणि त्यांच्या कथनातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट मला ही वाटते की बाहेरच्या बाजूला उभे असताना त्यांना स्वतःला हे कधी दिसले नव्हते. दिसणे शक्यही नव्हते. देणारा दारात उभा असतो तेव्हा त्याचे लक्ष मुलांच्या चेहऱ्यांवर असते, आणि जो माणूस खोलीतून नाहीसा होतो तो आभार मानायला थांबत नाही. अशा कार्यक्रमाचे मूल्यमापन करणाऱ्याने किती मुलांना भेटी मिळाल्या हे मोजले, तर हा बाप त्या मोजणीत कुठेच येत नाही.

बापाला नेमके काय लागले असावे? गरिबी ही त्याच्यासाठी नवी गोष्ट नव्हती आणि मुलांसाठीही नव्हती. परंतु जोवर घरात काय नाही हे फक्त घरातल्यांना ठाऊक असते, तोवर बापाला सबबी असतात, आश्वासने असतात, पुढच्या महिन्याचा पगार असतो. अनोळखी माणूस मुलांच्या देखत हवी असलेली नेमकी वस्तू आणून देतो तेव्हा त्या सबबी एका क्षणात संपतात. त्यातून अमेरिकन घरातील नाताळाची रीत अशी आहे की लहान मुलांच्या लेखी भेटी सांताक्लॉज रात्री गुपचूप ठेवून जातो, आणि आईबाप ते गुपित जपण्यातच आपला आनंद मानतात. रात्री मुले झोपल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरून खोका खाली काढणे, कागद फार कुरकुरू नये म्हणून जपून बांधणे, सकाळी काहीच माहीत नसल्याचा चेहरा करणे, हा सगळा आईबापांचा सण असतो. दारात आलेल्या कुटुंबाने मुलांना खेळणी दिली, पण आईबापांच्या वाट्याचा हा सण त्यांच्या हातून काढून घेतला. आणि तो काढून घेतला जात आहे हे देणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागणार नाही. दिवाळीला पोरांना कपडे घेतले का, या प्रश्नाला उत्तर देताना ज्याची मान खाली जाते त्याच्या घरी पणत्या, फराळाचे डबे आणि कॅमेरा घेऊन दहा-पंधरा माणसे जातात, डबा हातात धरून उभे राहायला सांगतात आणि मागे मंडळाचा फलक येईल अशी जागा निवडतात. त्या छायाचित्रांत बहुतेक वेळा बायका आणि मुले असतात. पुरुष कुठे गेले, हे आपण विचारत नाही.

देण्याघेण्यातला हा पेच नवा नाही, आणि त्याचा एक जुना नमुना योगायोगाने मुंबईशी जोडलेला आहे. विल्यम बूथ यांनी 1865 मध्ये पूर्व लंडनमध्ये गरिबांत सुरू केलेल्या ख्रिस्ती कार्याला 1878 मध्ये 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव मिळाले. या संघटनेला मराठीत मुक्तिफौज म्हणतात. ती भारतात आणली फ्रेडरिक टकर यांनी. पंजाबातील सनदी नोकरीचा राजीनामा दिलेला हा इंग्रज अधिकारी 19 सप्टेंबर 1882 रोजी साथीदारांसह मुंबईत उतरला. पुढे त्याने भारतीय पेहराव केला, अनवाणी फिरला आणि हातात भिक्षापात्र घेतले. घेणाऱ्याच्या जागी उभे राहिल्याखेरीज या देशात देता येणार नाही, असे त्याचे गणित होते. हाच माणूस बूथ यांचा जावई झाल्यावर बूथ-टकर या नावाने 1896 ते 1904 या काळात अमेरिकेतील मुक्तिफौजेचा प्रमुख होता, आणि त्याच काळात, 1899च्या नाताळला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो गरिबांना जेवण देण्यात आले. खाली टेबलांवर गरीब जेवत होते आणि वरच्या सज्ज्यांत बसून शहरातील संपन्न लोक पैसे भरून ते जेवण पाहत होते. जमलेल्या पैशातून आणखी पोटे भरली असतील, यात शंका नाही. मुंबईत भिक्षापात्र हाती धरलेल्या माणसाच्या अमदानीतच हे व्हावे, यावरून एवढेच दिसते की पैसा उभा करण्याची गरज आणि घेणाऱ्याची अब्रू यांची ओढाताण चांगल्या माणसांनाही कुठून कुठे नेते.

अटलांटाकडे परत येऊ. लप्टन यांच्यासमोर तीन वाटा होत्या. आहे ते तसेच चालू ठेवावे आणि बापांच्या दुखावल्या अभिमानाकडे कानाडोळा करावा. भेटी देणेच बंद करावे. किंवा भेटींचा मार्ग बदलावा. पहिली वाट त्यांना त्या संध्याकाळनंतर शक्य नव्हती. दुसरी तत्त्वाला धरून होती, पण तत्त्वाची किंमत मुलांनी मोजली असती. त्यांनी तिसरी निवडली. पुढच्या नाताळला दात्यांना सांगण्यात आले की या वर्षी घरोघरी जायचे नाही आणि खेळणी कागदात गुंडाळायची नाहीत. ती जशी आहेत तशी आणून द्यावीत. जमलेल्या खेळण्यांचे वस्तीत एक दुकान मांडण्यात आले, प्रत्येक वस्तूवर बाजारभावाहून खूपच कमी किंमत लावण्यात आली, आणि वस्तीतल्या आईबापांना खरेदीसाठी बोलावण्यात आले. ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नव्हते त्यांना दुकानातच काम देऊन खरेदीपुरते कमावण्याची सोय केली गेली. या उपक्रमाला त्यांनी आईबापांचा अभिमान अशा अर्थाचे नाव दिले.

यातील कारागिरी न गुंडाळलेल्या खोक्यात आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. गुंडाळलेली भेट ही पुरी झालेली भेट असते. आत काय आहे हे देणाऱ्याला माहीत असते, मुलाला उत्सुकता असते, आणि मधल्या आईबापांना त्यात करण्यासारखे काहीच उरलेले नसते. उघडा खोका मात्र अर्धवट असतो. तो उचलून पाहावा लागतो, धाकट्याला हा आवडेल की तो याचा विचार करावा लागतो, मोठीला मागच्या वर्षी बाहुली झाली तेव्हा या वर्षी दुसरे काही हवे हे आठवावे लागते, खिशातले पैसे मोजून एक वस्तू परत जागेवर ठेवावी लागते. एवढे झाल्यावर तो घरी नेऊन कुठेतरी लपवावा लागतो. आपल्या मुलाला ओळखण्याचे हे काम आईबापच करू शकतात, आणि दुकानाने ते त्यांच्याकडे परत सोपवले.

लप्टन यांचे निरीक्षण असे की फुकट खेळण्यांच्या रांगेत गरिबीचा पुरावा हाती धरून उभे राहण्यापेक्षा लोकांना काम करून किंवा मोजके पैसे देऊन खरेदी करणे जास्त पसंत पडले. ते पटण्यासारखे आहे, कारण अमेरिकेत नाताळच्या मदतीसाठी अनेक ठिकाणी ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले घेऊन सणाच्या कितीतरी आठवडे आधी नाव नोंदवावे लागते. रेशनकार्डाच्या छायाप्रती हातात घेऊन दुपारभर रांगेत उभे राहिलेल्या माणसाला त्या प्रतीक्षेत कसे वाटते हे समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानात मात्र कोणी गिऱ्हाईकाला तू किती गरीब आहेस असे विचारत नाही. स्वस्तात चांगली वस्तू मिळाल्याचा आनंद गरीब-श्रीमंत दोघांना सारखाच असतो, आणि घासाघीस करून घेतलेली वस्तू घरी अभिमानाने दाखवता येते.

आक्षेप अर्थातच घेता येतात, आणि त्यांतला एक वजनदार आहे. लोकांनी फुकट दिलेल्या वस्तू गरिबांना विकायच्या, हे कोणत्या शुभवर्तमानात बसते? ज्या आईकडे भाड्याचेच पैसे नाहीत तिच्यासाठी कमी किंमत हीसुद्धा किंमतच आहे, आणि दोन नोकऱ्या करणाऱ्या किंवा तान्हे मूल कडेवर असलेल्या बाईला दुकानात येऊन काम कर असे म्हणणे कागदावर सोपे असते. माझ्या मते या आक्षेपाचे पुरे उत्तर दुकानाकडे नाही. लप्टन यांनी पुढे या आणि अशा अनुभवांवरून नियम मांडले : माणूस स्वतःसाठी जे करू शकतो ते त्याच्यासाठी दुसऱ्याने करू नये, एकतर्फी दान आणीबाणीपुरते राखावे, आणि वारंवार फुकट मिळत गेले की कौतुकाची जागा अपेक्षा, अपेक्षेची जागा हक्क आणि शेवटी हक्काची जागा परावलंबन घेते. धान्यवाटपाच्या किंवा कपडेवाटपाच्या बारमाही कामात या इशाऱ्याला अर्थ असू शकतो. पण वर्षातून एकदा मिळणाऱ्या बाहुलीने कोणी परावलंबी होत असेल, हे मला पटत नाही, आणि मागच्या दाराने गेलेला बापही परावलंबी झाला म्हणून गेला नव्हता. त्याला आयते मिळण्याची सवय लागण्याची भीती नव्हती. मुलांसमोर आपले स्थान जाण्याची होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरचा उपाय दुसरीवर लावला की गरिबाला शिस्त लावण्याचा मोह होतो.

दुसरा प्रश्न दात्यांच्या बाजूचा आहे. घरोघरी जाण्यात त्यांना जे मिळत होते ते दुकानाने काढून घेतले : मुलाचा उजळलेला चेहरा, आपल्या मुलांना शिकवलेला धडा, सणाच्या रात्री परत घरी जाताना मनात असलेली उब. ही उब खोटी नव्हती, आणि तिच्याच जोरावर माणसे खिशात हात घालतात हे संस्था चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायातले वचन प्रत्येक चर्चमध्ये वाचले जाते. परंतु ते पाळायचे म्हटले की दात्याला मुलाचा चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसला नाही तर पुढच्या वर्षी तो दाता येईलच असे नाही. लप्टन यांनी दात्यांना आत येण्याची वाट बंद केली नाही, ती दुकानाच्या मागच्या बाजूने वळवली. खोके लावणे, किमती चिकटवणे, गिऱ्हाइकाला वस्तू दाखवणे यांत उपनगरातील आणि वस्तीतील माणसे एका टेबलाच्या एकाच बाजूला उभी राहू शकत होती. निदान त्या खोलीत कोणाला आभार मानायला लागत नव्हते.

किंमत न लावताही हे साधता येते का, याचे उत्तर त्याच काळातल्या दोन शेजारच्या उदाहरणांत आहे. 1979 मध्ये व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथे मुक्तिफौजेचे मेजर चार्ल्स व शर्ली व्हाइट यांनी एका मॉलमध्ये नाताळचे झाड उभे केले आणि मुलांच्या मागण्या देवदूताचे चित्र असलेल्या शुभेच्छापत्रांवर लिहून ती झाडाला टांगली. येणाराजाणारा एक पत्र खुडून घेई आणि त्यावरची वस्तू आणून देई. पहिल्याच वर्षी 700हून अधिक मुलांना भेटी मिळाल्या. या रचनेत देणारा घेणाऱ्याच्या घरी जातच नाही. ही 'देवदूतांची झाडे' आता देशभर लागतात, आणि भेटी न गुंडाळता द्याव्यात अशी विनंती तिथेही केली जाते. त्या पालकांच्या स्वाधीन होतात आणि गुंडाळण्याचे काम घरी होते.

दुसरे उदाहरण अलाबामातले. मेरी के बिअर्ड ही स्त्री स्वतः तुरुंगात सहा वर्षे काढून सुटली होती. आत असताना तिने पाहिले होते की नाताळला चर्चची माणसे कैदी बायकांना साबण, दंतमंजन, शॅम्पू अशा किरकोळ वस्तू वाटत, आणि त्या बायका त्या वापरत नसत. त्या साठवून ठेवत, एकमेकींत अदलाबदल करत, कशातही गुंडाळत, आणि मुले भेटीला आली की तेच त्यांच्या हातात ठेवत. 1982 मध्ये ती कैद्यांमध्ये काम करणाऱ्या 'प्रिझन फेलोशिप' या ख्रिस्ती संस्थेसाठी काम करू लागली तेव्हा नाताळसाठी काहीतरी करण्याची जबाबदारी तिच्यावर आली, आणि तिला तो साबण आठवला. बर्मिंगहॅम शहरातील मॉलमध्ये तिने झाडे उभारली. मुलींसाठी लाल आणि मुलांसाठी हिरवे कागदी देवदूत टांगले. त्यांवर कैद्यांच्या मुलांची नावे व मागण्या लिहिल्या. पहिल्या वर्षी 556 मुलांना भेटी मिळाल्या. त्यांच्या चिठ्ठीवर देणाऱ्याचे नाव नव्हते, चर्चचेही नव्हते. तुरुंगातल्या आईचे किंवा बापाचे होते.

मला या तिन्हींमध्ये बिअर्ड यांची रचना सर्वांत नेमकी वाटते. तिथे किंमत नाही, कामाची अट नाही, आणि बापाला उठून जाण्याचा प्रश्नच नाही, कारण तो आधीच भिंतीपलीकडे आहे. उलट भेट त्याला घरात परत आणते. अटलांटाच्या दुकानाने खिसा हलका झालेला बाप परत उभा केला, बर्मिंगहॅमच्या झाडाने गैरहजर बाप हजर केला. फरक एवढाच की लप्टन यांना हे दाराच्या आत बसल्यावर एका संध्याकाळी दिसले, आणि बिअर्ड यांना सहा वर्षे तुरुंगात असल्यामुळे ते वेगळे दिसण्याची गरजच पडली नाही.

वस्तीतले ते दुकान पुढे नाताळपुरते राहिले नाही, वर्षभर चालणारे झाले. अमेरिकेत आज कित्येक चर्च अशी नाताळची दुकाने मांडतात. काहींत नाममात्र किंमत असते, काहींत काहीच नसते आणि पालकांना ठरलेल्या वेळी बोलावून निवड करू दिली जाते. बाहेर पडण्याच्या दाराजवळ बहुतेक ठिकाणी एक लांब टेबल असते, त्यावर रंगीत कागदाच्या गुंडाळ्या, कात्री आणि चिकटपट्टी. काही पालक तिथेच स्वयंसेवकांकडून खोके बांधून घेतात. काहीजण नुसता कागद मागून घेतात, खेळणे काळ्या पिशवीत घालतात आणि मुले शाळेतून यायच्या आत घर गाठतात.